झोपलेल्या मांजराचं स्वप्न

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

घरात कुत्रं किंवा मांजर बाळगणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. दुपारची वेळ आहे, कुत्रं ओटीवर आडवं पसरलंय. मध्येच त्याचे पंजे थरथरू लागतात, मिशा हलतात, घशातल्या घशात एक अर्धवट भुंकणं उमटतं, शेपूट दोनदा फरशीवर आपटतं. मग घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "स्वप्न पडतंय त्याला!"

आमच्या लहानपणी घरी मोती नावाचा कुत्रा होता. त्या काळी निम्म्या आळीतल्या कुत्र्यांचं नाव मोतीच असे. तो असा झोपेत धावायला लागला की आम्ही मुलं त्याला हलवून जागं करायला जायचो आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मेल्यांनो, निजू द्या त्याला! ससा हाताशी आला असेल त्याच्या." सशाबद्दल आजीला खात्री होती. विज्ञानाला तेवढी खात्री अजूनही नाही. पण गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत विज्ञान आजीच्या बरंच जवळ आलं आहे, आणि त्या वाटेत जे काही घडलं ते सांगण्यासारखं आहे.

अडचण काय आहे, ते आधी बघू. स्वप्न ही गोष्ट दुसऱ्याला दिसत नाही. तुम्हाला काल रात्री काय स्वप्न पडलं हे मला तुम्ही सांगता म्हणून कळतं. तुम्ही सांगितलंच नाही, तर तुम्हाला स्वप्न पडलं होतं की नाही हेसुद्धा मला कळायचं नाही. मग मुक्या प्राण्याच्या बाबतीत काय करायचं? तो सकाळी उठून, आळस देऊन, दुधाच्या वाटीकडे जातो. साक्ष द्यायला तो उभाच राहत नाही. प्राण्यांच्या स्वप्नांचा सगळा इतिहास म्हणजे ही एक अडचण कशी ओलांडायची याचा इतिहास आहे.

सुरुवात फार जुनी आहे. सुमारे 2,300 वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलनं प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की, माणसांप्रमाणे घोडे, कुत्रे, बैल, मेंढ्या, शेळ्या यांनाही स्वप्नं पडतात. कुत्री तर झोपेत भुंकतात, हाच त्याचा पुरावा. पिल्लांना जन्म देणाऱ्या सगळ्या चतुष्पादांना त्यानं या यादीत घेतलं. अंडी घालणाऱ्या प्राण्यांविषयी मात्र तो सावध होता. ते झोपतात हे नक्की, पण स्वप्नं पडतात की नाही ते सांगता येत नाही, असं तो म्हणाला. हा सावधपणा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे. पुढे रोमन कवी लुक्रेशियसनं झोपेत घामाघूम होणारे शर्यतीचे घोडे आणि हवा हुंगत पाय झाडणारी शिकारी कुत्री यांचं वर्णन केलं.

मग एकदम डार्विनकडे येऊ. 1871 साली प्रसिद्ध झालेल्या 'डिसेंट ऑफ मॅन' या पुस्तकात तो म्हणतो की, कुत्री, मांजरं, घोडे, इतकंच काय पण पक्षीसुद्धा स्वप्नं बघतात, आणि तसं असेल तर त्यांच्याकडे थोडीफार कल्पनाशक्ती आहे हे कबूल केलं पाहिजे. पक्ष्यांच्या बाबतीत डार्विननं तळटीपेत ज्याचा हवाला दिला, तो माणूस हिंदुस्थानात नोकरी करणारा होता. टी. सी. जेरडन हा मद्रास इलाख्यातला लष्करी डॉक्टर. पक्ष्यांचा त्याला नाद होता आणि 1862 साली त्याच्या 'बर्ड्स ऑफ इंडिया'चा पहिला खंड निघाला होता. पक्षी स्वप्न बघतात ही साक्ष डार्विननं आपल्या पाखरांचा अभ्यास करणाऱ्या या डॉक्टरकडून घेतली, ही गोष्ट मला उगाचच सुखावून जाते.

पण ही सगळी निरीक्षणं झाली. शास्त्रज्ञाला लागतो तो पुरावा यात नव्हता. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी मानसशास्त्राचं वारंच फिरलं. 1913 साली अमेरिकेत जॉन वॉटसननं जाहीर केलं की, मानसशास्त्रानं फक्त बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करावा. मन, जाणीव असल्या गोष्टी बाजूला ठेवाव्यात. माणसाच्या मनाचीच जिथं ही गत, तिथं कुत्र्याच्या स्वप्नाविषयी बोलणारा शास्त्रज्ञ भाबडाच ठरला असता. पुढची काही दशकं हा विषय जवळपास अडगळीत पडला.

अडगळीतूनच तो वर आला, आणि तोही अक्षरशः. शिकागो विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन नावाचे प्राध्यापक होते. झोपेचा अभ्यास हाच त्यांचा ध्यास. 1938 साली एका सहकाऱ्याला घेऊन ते केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत 32 दिवस राहिले होते. सूर्यप्रकाश नसेल तर माणसाला 28 तासांच्या दिवसाची सवय लावता येते का, ते बघायला. (प्राध्यापकांना ती लागली नाही, त्यांच्या तरुण सहकाऱ्याला लागली.) अशा या क्लाइटमन यांच्याकडे युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी आला. वय तिशीचं, लग्न झालेलं, पदरी मूल, खिशात पैसे नाहीत. झोपेत डोळ्यांची हालचाल कशी होते ते तपासण्याचं कंटाळवाणं काम त्याच्या वाट्याला आलं. विद्यापीठाच्या तळघरात धूळ खात पडलेलं मेंदूचा आलेख काढण्याचं एक जुनं यंत्र त्यानं शोधून काढलं आणि दुरुस्त केलं. आणि निजवलं कुणाला? स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला. डिसेंबर 1951 मधली ही गोष्ट.

त्या काळी समजूत अशी होती की, झोप म्हणजे दिवा मालवणं. माणूस निजला की मेंदू मंदावतो आणि सकाळपर्यंत मंदच राहतो. रात्रभर उघड्यावर मेंदूचा आलेख काढत बसणं म्हणजे कागदाची नासाडी, कारण एका रात्रीला जवळजवळ अर्धा मैल कागद लागायचा. पण असेरिन्स्की बसला. आणि मध्यरात्री यंत्राच्या सुया अचानक वेड्यासारख्या डुलू लागल्या. आलेख जाग्या माणसाचा वाटत होता. त्याला वाटलं, पोरगं उठलं. आत जाऊन पाहतो तर आर्मंड गाढ झोपलेला, आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलताहेत. यंत्र बिघडलंय अशी शंका त्याला कितीतरी दिवस येत राहिली. क्लाइटमननाही विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या मुलीला निजवून खात्री करून घेतली.

1953 साली दोघांचा छोटासा निबंध 'सायन्स' नियतकालिकात आला. बुबुळं हलत असताना लोकांना जागं केलं, तर 27 पैकी 20 वेळा त्यांनी तपशीलवार स्वप्न सांगितलं. बुबुळं स्थिर असताना जागं केलं, तर 23 पैकी 19 वेळा काहीच आठवलं नाही. या झोपेला पुढे 'रॅपिड आय मूव्हमेंट', म्हणजे 'रेम' झोप हे नाव रूढ झालं. स्वप्नाची बाहेरून दिसणारी खूण पहिल्यांदाच हाती लागली होती. असेरिन्स्की मात्र पदवी घेऊन शिकागोतून निघून गेला आणि सामन माशांवर विजेच्या प्रवाहाचा काय परिणाम होतो, याच्या संशोधनात रमला. शोध लावणाऱ्याला आपल्या शोधाचं मोल कळतंच असं नाही.

आता प्रश्न उघड होता. ही खूण प्राण्यांत सापडते का? क्लाइटमन यांचाच विद्यार्थी विल्यम डिमेंट यानं 1958 साली दाखवून दिलं की, मांजरांनाही अशी झोप असते. पण यापुढची मोठी उडी मारली ती फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या मिशेल जुव्हे यांनी.

जुव्हे हे मुळात मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. 1925 चा जन्म. झोपेवर काम करायचं असं काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. मेंदूचा वरचा थर, ज्याला कॉर्टेक्स म्हणतात, तो काढून टाकलेलं मांजर काही शिकू शकतं का, याचा ते अभ्यास करत होते. कॉर्टेक्सच नसल्यामुळे नेहमीच्या जागी मेंदूचा आलेख मिळेना. म्हणून त्यांनी मांजराच्या मानेच्या स्नायूंत आणि मेंदूच्या देठात तारा बसवल्या. मांजर झोपी गेल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. ठराविक वेळानं, काही मिनिटं, मानेचे स्नायू पूर्णपणे शांत होत. नुसते सैल नव्हेत, तर विजेचा दाब गेल्यासारखे मेलेले. आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूच्या देठात मात्र धामधूम सुरू असायची. धडधाकट मांजरांत पाहिलं तर तिथंही हेच. मेंदू जागा, डोळे फिरताहेत, मिशा थरथरताहेत, आणि देह मात्र ओल्या फडक्यासारखा लुळा. त्या अवस्थेत मांजराला जागं करणं सर्वांत अवघड.

मेंदू सर्वांत जागा आणि मांजर सर्वांत गाढ झोपेत! या विसंगतीमुळे जुव्हे यांनी 1959 च्या सुमारास तिला 'विरोधाभासी झोप' असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं होतं की, ही झोपेची एक पायरी नव्हेच. जागेपण आणि झोप यांच्याइतकीच स्वतंत्र अशी ही मेंदूची तिसरी अवस्था आहे. आपल्याला लगेच मांडूक्य उपनिषदातल्या जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्थांची आठवण होते, आणि ती होणं स्वाभाविक आहे. पण त्यावरून 'आमच्याकडे हे सगळं आधीच होतं' असं म्हणायची घाई नको. उपनिषदकारांचा शोध आत्म्याचा होता. मांजराच्या मानेत तार घालून बघण्याचं त्यांना कारण नव्हतं.

आता जुव्हे यांनी पुढचा प्रश्न विचारला. या झोपेत देह लुळा का पडतो? कुणीतरी त्याला कुलूप घालतं, हे उघड आहे. ते कुलूप मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात आहे, असा त्यांचा अंदाज होता. मग कुलूप तोडलं तर?

1965 साली जुव्हे आणि देलोर्म यांनी काही मांजरांच्या पॉन्समधला एक अगदी लहानसा भाग निकामी केला. जागेपणी ही मांजरं बऱ्यापैकी नेहमीसारखी वागत. झोपतही नेहमीसारखी. पण विरोधाभासी झोपेची वेळ आली की, झोपलेलं मांजर डोकं वर करायचं. उठून उभं राहायचं. समोर काहीच नसताना कशावर तरी नजर लावल्यासारखं दबा धरायचं, पुढे सरकायचं, झडप घालायचं, पंज्यानं अदृश्य भक्ष्य मारायचं. कधी कान मागे पाडून, फिसकारून, कुणाशी तरी भांडायचं. कधी घाबरून मागे हटायचं. कधी निवांत बसून अंग चाटायचं. खोलीत खरोखर जे काही होतं त्याकडे त्याचं लक्ष नसे. मेंदूचे आलेख सांगत होते की ते झोपलेलं आहे. मग काही वेळानं ही झोप संपायची, आणि मांजर जागं व्हायचं किंवा मुकाट्यानं आडवं व्हायचं.

क्षणभर ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. प्रयोगशाळेत माणसं काचेपलीकडे उभी आहेत आणि एका मांजराचं स्वप्न त्यांच्यासमोर चालतंय. दोन हजार वर्षं जी साक्ष मिळत नव्हती ती मांजरानं शब्दांविना दिली होती. निदान जुव्हे यांना तरी तसंच वाटलं. या वागण्याला त्यांनी सरळ 'स्वप्नातलं वर्तन' हेच नाव दिलं.

ही हकीगत मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी अस्वस्थ होतं, आणि ते बरोबरच आहे. ही मांजरं ज्या शस्त्रक्रियांतून गेली त्या परत भरून येणाऱ्या नव्हत्या. स्वप्नाची झोप हिरावून घेतली तर काय होतं, हे पाहण्यासाठी त्या काळी आणखी एक पद्धत वापरत. पाण्याच्या टाकीत उपडी घातलेली कुंडी, तिच्या चिमुकल्या बुडावर मांजर. साधी झोप ते बसल्या बसल्या घेऊ शके. पण विरोधाभासी झोप लागली की मान लुळी पडायची, तोल जायचा आणि मांजर पाण्यात पडून जागं व्हायचं. पुन्हा, पुन्हा, दिवसचे दिवस. या प्रयोगांचा पेच असा आहे की, ज्या जिवाच्या आत काही चालतं हे सिद्ध करायचं, त्याच जिवाला आत काहीच चालत नसल्यासारखं वागवायचं. मांजर स्वप्नात भितं, हे एकदा मान्य केल्यावर ते जागेपणी कुंडीवर भीत नाही असं कुणाला म्हणता येईल?

पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1986 साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड या डॉक्टरांनी काही वयस्कर रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दिवसा अत्यंत शांत असलेली ही माणसं रात्री झोपेत लाथा झाडायची, ठोसे मारायची, पलंगावरून उड्या घ्यायची. शेजारी झोपलेल्या बायकोला मार बसायचा. एक गृहस्थ स्वप्नात अमेरिकन फुटबॉल खेळत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून गेले आणि जागे झाले ते खोलीतल्या लाकडी सामानावर आपटून. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याच्या मनात काहीतरी राग आहे. डॉक्टरांनी ओळखलं की, ही लिऑनची मांजरं आहेत. माणसाच्या मेंदूतलं तेच कुलूप इथं सुटलंय. त्यावर औषध मिळालं, आणि पुढे हेही कळलं की, यातल्या बऱ्याच रुग्णांना काही वर्षांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होतो. आज हा झोपेचा विकार त्या आजाराची फार लवकर मिळणारी सूचना मानला जातो. उलट बाजूनं, कधी कधी जाग येते पण कुलूप क्षणभर तसंच राहतं. माणसाला हालचाल करता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं आणि सकाळी तो सांगतो की रात्री भुतानं दाबलं.

या माणसांमुळे मांजरांचा पुरावाही भक्कम झाला. कारण माणूस बोलतो. तो जागा होऊन सांगतो की मी स्वप्नात अमुक करत होतो, आणि बायको सांगते की यांचे हातपाय तेच करत होते. कुलूप तुटलेल्या माणसाची हालचाल स्वप्नाशी जुळते, तर कुलूप तुटलेल्या मांजराची का जुळू नये?

सगळ्यांना हे पटलेलं नाही, आणि न पटण्याची कारणं हलकी नाहीत. नवजात मांजराच्या पिल्लाची बहुतेक सगळी झोप रेम झोपच असते. माणसाच्या तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी. ज्यानं अजून जग पाहिलं नाही, ते स्वप्न कशाचं बघणार? डेव्हिड फोक्स या मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांना रेम झोपेतून उठवून वर्षानुवर्षं विचारपूस केली. तीन ते पाच वर्षांची मुलं फार क्वचित काही सांगत, आणि सांगत तेही एखादं स्थिर चित्र. कोंबडी दिसली, संपलं. गोष्ट असलेलं स्वप्न पुढे, कल्पना करण्याची ताकद वाढते तसं येतं. तेव्हा प्राण्यांना स्वप्नं पडत नसावीत, असा त्याचा कौल. मार्क सोम्स यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की, मेंदूच्या पुढच्या काही भागांना इजा झालेल्या रुग्णांची स्वप्नं थांबतात, रेम झोप मात्र चालूच राहते. थोडक्यात, रेम झोप आणि स्वप्न एकच नव्हेत. बुबुळं हलताहेत एवढ्यावरून आत चित्रपट चालू आहे असं म्हणता येत नाही. फोक्सचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. तीन वर्षांच्या पोराला जागेपणी 'आज शाळेत काय केलं' विचारलं तरी ते 'काही नाही' म्हणतं! सांगता न येणं आणि नसणं यांत फरक आहे. पण त्याच्या शंकेनं एक काम केलं. हालचालीवर न थांबता आत काय चाललंय ते बघायला शास्त्रज्ञांना भाग पाडलं.

ते बघण्याची संधी दिली उंदरांनी. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. 1971 साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना आढळलं की, उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी ठराविक जागी गेल्यावरच सक्रिय होतात. एक पेशी दाराशी, दुसरी कोपऱ्यात, तिसरी खाऊच्या वाटीपाशी. म्हणजे पेशी कोणत्या क्रमानं पेटल्या ते कळलं, तर उंदीर कोणत्या वाटेनं गेला ते न बघता सांगता येतं. या शोधासाठी ओकीफ यांना 2014 साली नोबेल मिळालं. मॅथ्यू विल्सन हा तरुण संशोधक अॅरिझोनात अशाच पेशींवर काम करत होता. पेशींचे संदेश ध्वनिवर्धकावर ऐकू येतील अशी सोय असते. विल्सन सांगतात की, एकदा प्रयोग संपला, उंदीर निजला, ध्वनिवर्धक मात्र चालूच राहिला होता, आणि त्यातून धावणाऱ्या उंदराचा आवाज यायला लागला. वळून पाहिलं तर उंदीर झोपलेला. 1994 साली विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवलं की, दिवसा एकत्र पेटलेल्या पेशी झोपेतही एकत्र पेटतात.

मग 2001 साली एमआयटीमध्ये विल्सन आणि केनवे लुई यांनी उंदरांना एका गोल मार्गावर धावायला शिकवलं. बक्षीस चॉकलेटच्या दाण्यांचं. त्यानंतर उंदीर झोपले असताना त्यांच्या रेम झोपेचे चाळीसहून अधिक तुकडे तपासले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत दिवसाच्या धावेचा तोच ठसा सापडला, तोही साधारण त्याच वेगानं. ठसा इतका जुळत होता की, उंदीर या क्षणी मार्गावर कुठे 'आहे' आणि धावतोय की थांबलाय, हे संशोधकांना सांगता येत होतं. आपण म्हणतो ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. उंदराच्या मनी चॉकलेट वसलं होतं. 2015 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांना त्याहून मजेशीर गोष्ट दिसली. उंदरांना अडसरापलीकडचा खाऊ नुसता दाखवला, तिथं जाऊ दिलं नाही. नंतर विश्रांती घेताना त्यांचा मेंदू त्या न तुडवलेल्या वाटेवर चालून आल्यासारखा पेटत होता. हे नुसत्या आठवणीपेक्षा अधिक आहे. आणि 2022 साली कॅलिफोर्नियात सेन्झाई आणि स्कान्झियानी यांनी दाखवलं की, रेम झोपेत उंदराचे डोळे ज्या दिशेला वळतात, त्याच दिशेला त्याच्या मेंदूतलं होकायंत्रही वळलेलं असतं. आर्मंडची बुबुळं का हलत होती याचं एक उत्तर इथं मिळालं. डोळे उगाच फिरत नसतात, ते आतल्या जगात इकडेतिकडे बघत असतात.

आता अॅरिस्टॉटलच्या सावध वाक्याकडे परत जाऊ. अंडी घालणाऱ्यांचं काय?

जेरडननं सांगितलेल्या पक्ष्यांचा निकाल 2000 साली लागायला सुरुवात झाली. शिकागोतच अमीश दवे आणि डॅनियल मार्गोलियाश यांना आढळलं की, झोपलेल्या झेब्रा फिंच पक्ष्याच्या मेंदूतल्या पेशी दिवसा गायलेल्या गाण्याच्याच लयीत पेटतात. आवाज मात्र निघत नाही. 2024 साली ब्यूनोस आयर्समधल्या गॅब्रिएल मिंडलिन यांच्या गटानं झोपलेल्या किस्कडी पक्ष्याच्या कंठाच्या स्नायूंतली सूक्ष्म हालचाल नोंदवली आणि गणितानं तिचा आवाज बनवला. ऐकू आली ती हद्दीसाठी भांडताना काढलेली ललकारी! त्या वेळी त्या पक्ष्याच्या डोक्यावरची पिसंही भांडणातल्यासारखी फुलली होती. सरडेही या यादीत आले. 2016 साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या सरड्यामध्ये रेमसारख्या झोपेची आवर्तनं सापडली. 2022 साली जर्मनीतल्या डॅनिएला र्‍योसलर यांनी धाग्याला उलटं लटकून झोपणारे उडी मारणारे कोळी रात्रभर चित्रित केले. त्यांची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे डोक्याच्या आत डोळ्यांच्या नळ्या हलताना सरळ दिसतात. त्या ठराविक वेळानं हलत होत्या, आणि त्याच वेळी पाय आखडत होते, थरथरत होते. कोळी! ज्याला आपण केरसुणीनं झटकतो तो.

शेवटची गोष्ट ऑक्टोपसची. 2019 साली अमेरिकेत एका माहितीपटात हायडी नावाची ऑक्टोपस झोपेत रंग बदलताना दिसली आणि ते चित्रण जगभर गाजलं. पांढरी, मग पिवळसर, मग एकदम काळपट. 2021 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी ऑक्टोपसच्या या 'सक्रिय झोपे'ची मोजदाद केली. आणि 2023 साली जपानच्या ओकिनावा संस्थेतून 'नेचर'मध्ये एक मोठा निबंध आला. त्याच्या लेखकांत पहिलं नाव आपल्या ओळखीचं वाटणारं आहे, अदिती पोफळे. सॅम रायटर यांच्या प्रयोगशाळेतलं हे काम. साधारण तासाभरानं एकदा, सुमारे मिनिटभर, झोपलेल्या ऑक्टोपसच्या कातडीवर नक्षी उमटू लागते. ती नक्षी आणि त्या वेळचा मेंदूतला विजेचा खेळ दोन्ही जागेपणीच्या अवस्थेशी जुळतात. झोप मोडली, तर हा प्राणी पुढच्या वेळी सक्रिय झोपेत लवकर आणि अधिक वेळा जातो. माणसाचा आणि ऑक्टोपसचा सामाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहूनही मागे होऊन गेला. दोघांचे मेंदू वेगळ्या वाटांनी घडले. तरीही रात्री दोघांच्याही आत दिवसासारखं काहीतरी सुरू होतं.

या निबंधाचं शीर्षक बघण्यासारखं आहे. झोपेतली नक्षी आणि मेंदूचं काम 'जागेपणासारखं' आहे, एवढंच ते म्हणतं. 'स्वप्न' हा शब्द त्यात नाही. ऑक्टोपसच्या कातडीवर जे उमटतं ती लपण्याची नक्षी आहे, धमकावण्याची आहे, हे ओळखता येतं. पण ते बघणारं आत कुणी आहे का, हे अजून कुठल्याही तारेवर आलेलं नाही. आजी असती तर म्हणाली असती, खेकडा हाताशी आला असेल त्याच्या, निजू द्या.